हिंगोलीत बसून गुराब हाकारताना

आमच्या हिंगोलीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटर असेल. मोठं पाणी बघायचं तर सिद्धेश्वर धरण. आणि कयाधू? ती पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, मग प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. म्हणजे आमच्या नदीनेसुद्धा कोकणाकडे पाठच फिरवलेली! आजोबांची शाळा निजामाच्या राज्यात, उर्दू माध्यमात झाली. त्यांच्या पुस्तकात आंग्रे नव्हतेच. माझ्या पुस्तकात होते, पण दोन-तीन ओळींत आटोपलेले.

आणि अशा गावात बसून मी गेले काही दिवस लढाऊ जहाजाचा कप्तान झालो आहे.

भाच्याने एक खेळ पाठवला, 'चॉइस ऑफ ब्रॉडसाइड्स' नावाचा. २०१० साली एका अमेरिकन कंपनीने काढलेला, म्हणजे खेळांच्या हिशेबात म्हाताराच. चित्रं नाहीत, धडाडधूम नाही, नुसता मजकूर. एक परिच्छेद वाचायचा, खाली तीन-चार पर्याय असतात, त्यातला एक निवडायचा, की गोष्ट पुढे सरकते. सुरुवातीला तुम्ही आरमारातले अगदी कनिष्ठ अधिकारी असता. निवडी नीट केल्या तर जहाज हाताखाली येतं. देशांची नावं काल्पनिक आहेत, पण ते इंग्लंड आणि फ्रान्स आहेत हे न सांगताही कळतं. माझ्यासारख्या वाचनवेड्या माणसाला हा प्रकार फार आवडला. (सौ.चं मत वेगळं आहे. असो.)

'ब्रॉडसाइड' म्हणजे जहाजाच्या एका कुशीवरच्या सगळ्या तोफांचा एकदम भडिमार. युरोपियन दर्यायुद्ध या एका कल्पनेभोवती फिरतं. उंच जहाज, दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा, शत्रूच्या शेजारी आडवं यायचं आणि झोडपायचं. खेळता खेळता मनात आलं, माझ्या जागी कान्होजी आंग्र्यांचा एखादा सारंग बसवला तर? त्याच्यासमोर हेच पर्याय ठेवले, तर तो कपाळाला हात लावील. कारण त्याचं जहाजच निराळं.

आंग्र्यांच्या आरमारात मुख्य जहाजं दोन प्रकारची, गुराब आणि गलबत. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या, तळ उथळ, नाळ लांब आणि पाण्याजवळ झुकलेली. तिच्या कुशीवर तोफा असत, पण खरी मदार नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफांवर. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की मोठं इंग्रजी जहाज जागच्या जागी खिळायचं आणि गलबतं वल्ह्यांवर गुराबांना ओढत त्याच्या मागच्या अंगाला आणून सोडायची, जिथे त्याच्या तोफा सर्वात कमी. तिथून डोलकाठ्या आणि शिडं फाडायची. जहाज पांगळं झालं की चहूबाजूंनी गलबतं भिडवायची आणि माणसं वर चढवायची. हे वर्णन त्याच शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने करून ठेवलं आहे. १७३५ च्या डिसेंबरात कान्होजींचे चिरंजीव संभाजी आंग्रे यांनी 'डर्बी' हे ईस्ट इंडिया कंपनीचं मुंबईकडे सोनं घेऊन येणारं जहाज धरलं, तेव्हा मुंबईकरांनी किती हाय खाल्ली असेल याची कल्पना करा. इंग्रज यांना चाचे म्हणत. शाहू छत्रपतींच्या सरखेलाला आणि त्याच्या मुलांना चाचे म्हणायचं, आणि आपण दस्तकावाचून फिरायचा हक्क सांगायचा, ही त्यांचीच तऱ्हा.

पण मला खरी गंमत वाटली ती पुढे. हा पर्यायांचा खेळ मराठीत आधीच लिहिलेला आहे, तोही १७१५ साली! रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रं बऱ्याच जणांना गडकोटांच्या प्रकरणामुळे ठाऊक असतात. त्यात आरमारावरही एक प्रकरण आहे. खेळ डोक्यात असताना ते पुन्हा वाचलं आणि चकितच झालो. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्याशिवाय जी जहाजं कामाची नाहीत, ती थोर असली तरी बांधायचं प्रयोजन नाही. म्हणजे ज्याला युरोप ताकद समजत होता, त्याला अमात्य अडचण समजत होते, आणि या किनाऱ्यापुरतं त्यांचं बरोबरच होतं. मग लढाईच्या गोष्टी. वारा साथ देत नसेल तर उगाच जिद्दीला पेटू नये, आपल्या जंजिऱ्याच्या आश्रयाला यावं. शत्रू हतबल होऊन कौल मागू लागला तरी एकदम जवळ जाऊ नये, दगा असतो. 'असं झालं तर हे करा, तसं झालं तर ते', अशीच सगळी बांधणी. नुसते आकडे घालून पर्याय सुटे करायचे बाकी आहेत.

यातला 'जंजिऱ्याच्या आश्रयाला या' हा पर्याय कान्होजींच्या काळात हुकमी होता. १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर बून खांदेरीवर चालून आला आणि हात हलवत परतला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेही फसले. आरमार किल्ल्याखाली, किल्ला खडकावर, आणि मदतीला जमिनीवरून सातारा-पुण्याची फौज. कुलाब्याच्या वेळी बाजीराव स्वतः आले होते. या तीन गोष्टी एकत्र असेतोवर तो पर्याय निवडणारा हरत नव्हता.

तुळाजींच्या वेळी यातली तिसरी उलटली. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, त्यांच्या मुलखाला उपद्रव देत होते, हे खरंच आहे. नानासाहेबांनी १७५५ च्या मार्चमध्ये रामाजी महादेवांमार्फत इंग्रजांशी करार केला आणि एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत विजयदुर्गाची पाळी. ॲडमिरल वॉटसनची 'केंट', 'कंबरलँड', 'टायगर', 'सॅलिसबरी' अशी राजाच्या आरमारातली जहाजं खाडीत शिरली, बरोबर उखळी तोफांची जहाजं आणि जमिनीवरच्या कामाला रॉबर्ट क्लाइव्ह. तुळाजींचं आरमार किल्ल्याखाली एकमेकांना बांधून उभं होतं. एक पेटता गोळा 'रेस्टोरेशन'वर पडला. हे मूळचं इंग्रजांचंच जहाज, १७४९ साली तुळाजींनी पकडलेलं. त्याची आग शेजारच्या गुराबेला लागली, तिची पुढच्या, आणि बघता बघता सगळं आरमार जळालं. दोन दिवसांत किल्ला पडला.

तुळाजी तेव्हा जहाजावर नव्हते आणि किल्ल्यातही नव्हते. ते तहाची बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेलेले होते. तिथून सुटले नाहीत, पुढचं आयुष्य कैदेत गेलं.

मी हे बऱ्याचदा मनातल्या मनात खेळून बघितलं आहे. गुराबा आधीच बाहेर काढल्या असत्या तर? उथळ खाड्यांत पांगवल्या असत्या तर? 'केंट'सारखी सत्तर तोफांची जहाजं त्यांच्यामागे तिथे शिरली नसती. काही गुराबा नक्की वाचल्या असत्या. पण हा निर्णय घ्यायला धनी जागेवर हवा होता, आणि तो पुण्याशी बोलणी करण्यात गुंतला होता. त्याला तसं गुंतवलं ते समुद्रावरच्या कुणी नाही. नानासाहेबांना सरसकट दोष देणारे लेख आपण सगळ्यांनी वाचलेत. बंडखोर सरदार मोडणं राज्यकर्त्याला भाग असतं, हे मला मान्य आहे. पण तुळाजींना मोडणं आणि त्यांच्या गुराबा मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्या वेगळ्या ठेवायची कुवत पेशव्यांकडे त्या वेळी होती, इंग्रजांना काही ती ठेवायची नव्हती. त्यांनी तर किल्लाही पेशव्यांना लगेच दिला नाही. ऑक्टोबर १७५६ च्या तहात बाणकोट पदरात पाडून घेतलं, तेव्हा कुठे विजयदुर्ग सोडला.

मराठी आरमार तिथेच संपलं असं मात्र समजू नका. त्याच विजयदुर्गावर पुढे पेशव्यांचे सुभेदार आनंदराव धुळप आले आणि एप्रिल १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचं 'रेंजर' धरलं, तेही सालबाईचा तह होऊन गेल्यावर! ती गोष्ट मोठी आहे, पुन्हा कधीतरी लिहीन.