एनबीएतील खेळाडूंची अदलाबदल : आधी वेतनाचा ताळा, मग खेळ

अमेरिकेतील ‘नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’ अर्थात एनबीए स्पर्धेत फेब्रुवारी २०२५ च्या आरंभी डॅलस मॅव्हरिक्सने आपला २५ वर्षीय हुकमी खेळाडू लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला दिला आणि बदल्यात प्रामुख्याने अँथनी डेव्हिसला घेतले. या व्यवहाराने बास्केटबॉलविश्व थक्क झाले. त्यामागील हिशेब मात्र सरळ होता. डॉन्चिचचे त्या हंगामाचे वेतन सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर, तर डेव्हिसचे सुमारे ४ कोटी ३२ लाख डॉलर होते. हे आकडे इतके जवळ नसते, तर हा व्यवहार जमवणे कितीतरी अवघड झाले असते. एनबीएमध्ये कोणता खेळाडू कोणाच्या बदल्यात मिळू शकतो, हे त्याच्या कौशल्याइतकेच वेतनमर्यादेच्या नियमांवर ठरते.

लवचीक मर्यादा

एनबीएने सध्याची वेतनमर्यादा १९८४-८५ च्या हंगामात लागू केली. तेव्हा ती प्रत्येक संघासाठी ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे. स्पर्धेच्या अंदाजित उत्पन्नावरून दरवर्षी हा आकडा निश्चित केला जातो. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक करारानुसार बास्केटबॉलशी संबंधित उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो.

भारतीय वाचकांना परिचित असलेल्या आयपीएलमध्ये संघाला ठरावीक रकमेच्या आतच खेळाडू घ्यावे लागतात. २०२५ च्या हंगामापूर्वीच्या महालिलावासाठी ही रक्कम १२० कोटी रुपये होती. एनबीएची मर्यादा तितकी कठोर नाही. अनेक सवलतींच्या आधारे संघ ती ओलांडू शकतात. त्यातील सर्वांत प्रसिद्ध सवलत बोस्टन सेल्टिक्सचे महान खेळाडू लॅरी बर्ड यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यानुसार संघाला आपल्याच जुन्या खेळाडूशी मर्यादेच्या वर जाऊनही नवा करार करता येतो. अदलाबदल झाल्यास हा हक्क खेळाडूसोबत नव्या संघाकडे जातो. त्यामुळे मर्यादा ओलांडलेल्या संघाला मोठा खेळाडू मिळवण्यासाठी अदलाबदल हाच बहुधा एकमेव मार्ग उरतो.

वेतन जुळवण्याचा नियम

मर्यादेत पुरेशी जागा शिल्लक असलेला संघ वेतन न जुळवताही खेळाडू घेऊ शकतो. मात्र बहुतेक संघ मर्यादेच्या वरच असतात. त्यांना जितके वेतन बाहेर पाठवायचे, त्याच्या ठरावीक प्रमाणातच आत घेता येते. लहान वेतनांच्या बाबतीत हे प्रमाण साधारण दुपटीपर्यंत, तर मोठ्या वेतनांच्या बाबतीत सव्वापटीच्या आसपास असते. संघाने पाठवले त्यापेक्षा कमी वेतन परत घेतले, तर फरकाइतकी पत त्याच्या खाती जमा होते आणि ती एका वर्षाच्या आत पुढील व्यवहारात वापरता येते.

यामुळेच मोठ्या व्यवहारांत अपरिचित नावे दिसतात. डॉन्चिचच्या व्यवहारात तिसरा संघ म्हणून युटा जॅझ सामील झाला आणि लेकर्सचा जेलन हूड-शिफिनो तिकडे गेला. त्यामुळे दोन्ही प्रमुख संघांचे हिशेब मर्यादेत बसले.

दोन ‘एप्रन’

वेतनमर्यादेच्या वर ऐषाराम कराची रेषा असते. २०२५-२६ साठी ती सुमारे १८ कोटी ७९ लाख डॉलर आहे. तिच्या पलीकडील खर्चावर चढत्या दराने कर भरावा लागतो आणि मागील चारपैकी तीन हंगामांत कर भरलेल्या संघासाठी हे दर आणखी वाढतात. तरीही श्रीमंत मालक कर भरून बलाढ्य संघ टिकवू शकत होते. म्हणून २०२३ च्या सामूहिक करारात पैशाने भागणार नाहीत अशी बंधने कडक करण्यात आली.

कररेषेच्या वरील दोन टप्प्यांना ‘एप्रन’ म्हटले जाते. २०२५-२६ साठी पहिला एप्रन सुमारे १९ कोटी ५९ लाख, तर दुसरा सुमारे २० कोटी ७८ लाख डॉलरवर आहे. पहिला एप्रन ओलांडलेल्या संघाला अदलाबदलीत पाठवलेल्या वेतनापेक्षा अधिक वेतन घेता येत नाही. दुसरा एप्रन ओलांडलेल्या संघाला दोन किंवा अधिक खेळाडूंची वेतने एकत्र करून एक महागडा खेळाडू घेता येत नाही. व्यवहारात रोख रक्कम देण्यासही त्याला मनाई आहे. शिवाय नवोदित खेळाडूंच्या निवडीतील, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा त्याचा हक्क गोठवला जातो. पुढील चारपैकी दोन हंगामांत संघ याच रेषेवर राहिल्यास तो हक्क पहिल्या फेरीच्या शेवटी ढकलला जातो.

नियमांचे दृश्य परिणाम

ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसऱ्या एप्रनवर असलेल्या मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्जने कार्ल-अँथनी टाऊन्सला न्यूयॉर्क निक्सकडे पाठवले आणि ज्युलियस रँडल, डॉन्टे डिव्हिन्चेन्झो आदींना घेतले. एक खेळाडू देऊन अनेक घेण्यास नियमाची आडकाठी नव्हती. निक्सने आपल्या बाजूचा हिशेब जमवण्यासाठी तीन खेळाडूंशी करार करून त्यांना त्याच व्यवहारात शार्लट हॉर्नेट्सकडे धाडले. त्या हंगामात मिनेसोटा आणि न्यूयॉर्क दोघेही आपापल्या विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले.

बोस्टन सेल्टिक्सची कथा अधिक बोलकी आहे. २०२४ मध्ये विक्रमी १८ वे विजेतेपद पटकावणाऱ्या या संघाने पुढच्याच वर्षी उन्हाळ्यात ज्रू हॉलिडेला पोर्टलँड ट्रेल ब्लेझर्सकडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिसला अटलांटा हॉक्सकडे पाठवले. दोघेही विजेत्या संघाचे आधारस्तंभ होते. संघ जसाच्या तसा ठेवला असता, तर वेतन आणि कर मिळून खर्च ५० कोटी डॉलरच्या पुढे जाण्याचा अंदाज अमेरिकी माध्यमांनी वर्तवला होता.

नियमांची झळ खेळाडूलाही बसते. डॉन्चिच डॅलसमध्येच राहिला असता, तर २०२५ च्या उन्हाळ्यात तो पाच वर्षांच्या सुमारे ३४ कोटी ५० लाख डॉलरच्या विशेष करारासाठी पात्र ठरला असता. हा करार त्याला फक्त जुनाच संघ देऊ शकत होता. लेकर्सशी त्याने ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे १६ कोटी ५० लाख डॉलरचा तीन वर्षांचा वाढीव करार केला. संघ बदलण्याचा निर्णय त्याचा नव्हता, पण त्या विशेष कराराची संधी त्याने गमावली.

समतोलाची किंमत

या बंधनांना पूर्वानुभवाची पार्श्वभूमी आहे. २०१६ मध्ये नव्या प्रक्षेपण करारामुळे वेतनमर्यादा ७ कोटी डॉलरवरून एकाच वर्षात ९ कोटी ४१ लाखांवर गेली. त्या जागेचा लाभ घेत आधीच बलाढ्य असलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सने केव्हिन ड्युरँटला करारबद्ध केले आणि २०१७ व २०१८ ची विजेतेपदे जिंकली. आता ही मर्यादा वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढू शकत नाही.

२०१९ ते २०२५ या सात हंगामांत सात वेगवेगळे संघ विजेते ठरले. नियमांच्या समर्थकांना यात समतोल दिसतो. तर घडवलेला संघ मोडावा लागतो, हा टीकाकारांचा आक्षेप आहे. २०२५ च्या विजेत्या ओक्लाहोमा सिटी थंडरने शे गिल्जस-अलेक्झांडर, चेट होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्स या तिघांशीही जुलै २०२५ मध्ये मोठ्या रकमेचे करार केले. ते टप्प्याटप्प्याने लागू होताच हा तरुण संघही एप्रनच्या रेषांकडे सरकेल. सध्याचा सामूहिक करार २०२९-३० च्या हंगामापर्यंत असून त्याआधी एक वर्ष त्यातून बाहेर पडण्याची मुभा दोन्ही पक्षांना आहे.