मुसंडी कुठून मारायची?

बर्लिन, ६ ऑगस्ट १९३६. ऑलिंपिकमधली पंधराशे मीटरची अंतिम शर्यत. शेवटच्या फेरीची घंटा वाजून गेली होती, तीनशे मीटर उरले होते आणि खऱ्या धावेला अजून वेळ आहे असाच सगळ्यांचा समज होता. तेवढ्यात काळा बनियन घातलेला एक किडकिडीत न्यूझीलंडर निघाला आणि बघता बघता पुढे गेला. त्याचं नाव जॅक लव्हलॉक. अमेरिकेचा ग्लेन कनिंगहॅम आणि चार वर्षांपूर्वीचा विजेता, इटलीचा लुइजी बेकाली, दोघेही त्याच्या मागे लागले. अंतर काही तुटलं नाही. वेळ लागली ३ मिनिटं ४७.८ सेकंद, म्हणजे नवा विश्वविक्रम. बीबीसीच्या रेडिओवर समालोचनाला बसलेला हॅरॉल्ड अब्राहम्स हा स्वतः १९२४ सालचा शंभर मीटरचा ऑलिंपिक विजेता; पण त्याचाही तोल सुटला आणि तो मित्राच्या नावाने ओरडायला लागला.

लव्हलॉकची ख्याती होती ती अगदी शेवटच्या सरळ पट्ट्यात मुसंडी मारणारा म्हणून. आदल्याच वर्षी जूनमध्ये प्रिन्स्टनला झालेल्या मैलाच्या गाजलेल्या शर्यतीत त्याने तेच केलं होतं. बिल बॉनथ्रनच्या पाठीला चिकटून राहिला आणि शेवटी सहज पुढे निघून गेला. त्या दिवशी हरलेल्यांत कनिंगहॅमही होता. बर्लिनमध्ये लव्हलॉकवर डोळा ठेवणारे जिची वाट पाहत होते ती मुसंडी आणखी बऱ्याच अंतराने यायची होती. लव्हलॉक वैद्यकीचा विद्यार्थी. स्वतःच्या सरावाची आणि शर्यतींची तपशिलवार टिपणं ठेवणारा. साऱ्या जगाला ठाऊक असलेली आपली सवय त्याने त्या दिवशी आमिष म्हणून वापरली. पंधराशे मीटरमधल्या डावपेचांचं कूळ शोधायला मागे गेलं की माझ्या मते मूळपुरुष म्हणून याच शर्यतीपाशी थांबावं लागतं.

त्याच्याआधी वेगवान धावपटू नव्हते असं नाही. पावो नुर्मीने १९२४ मध्ये पॅरिसला पंधराशे आणि पाच हजार मीटर या दोन्ही अंतिम शर्यती तासाभराच्या आत जिंकल्या. पण नुर्मी धावायचा हातातल्या घड्याळाशी. बाकीचे धावपटू मैदानात आहेत याची त्याला फारशी फिकीर नसे. जो समोरच्याचा विचारच करत नाही, त्याच्या धावण्याला ताकद म्हणता येईल, डाव म्हणता येत नाही.

मुसंडी शेवटासाठी राखून का ठेवायची, याचं कारण साधं आहे. पुढे धावणारा वारा अंगावर घेतो, वेग ठरवण्याचं ओझंही त्याच्याच डोक्यावर असतं. मागचा त्याच्या आडोशाने धावतो आणि दम वाचवतो. पण मागे राहण्याचीही किंमत मोजावी लागते. आतल्या कडेला राहिलं तर पुढे एक, बाजूला एक अशी कोंडी होते. ती टाळायला एक लेन बाहेरून धावलं तर फेरीमागे सात मीटरहून जास्त अंतर अंगावर पडतं. शिवाय सगळा जोर लावून पळायचं तर रक्तातलं आम्ल चढायला लागतं आणि काही सेकंदांत पाय शिशाचे होतात. म्हणून मुसंडी उशिरा मारायची, पण इतकी उशिरा नाही की ज्याच्या पायांत जन्मजात वेग जास्त तोच जिंकेल. या दोन टोकांच्या मधली जागा शोधणं, हाच सगळा खेळ.

ऑस्ट्रेलियाच्या हर्ब एलियटने १९६० मध्ये रोमला ती जागा आणखी मागे नेली. तो सुटला तेव्हा सुमारे सहाशे मीटर बाकी होते. त्याचा गुरू पर्सी सेरुटी हा एक वल्लीच. विक्रमाची संधी दिसली तर टॉवेल हलवून खूण करायची, असं दोघांत ठरलेलं. सेरुटी प्रेक्षकांतून उठून थेट धावपट्टीजवळ गेला आणि टॉवेल फडकवायला लागला; पोलिसांनी धरून नेईपर्यंत त्याचं काम झालेलं होतं. एलियट ३:३५.६ च्या विश्वविक्रमाने जिंकला, दुसरा आलेला फ्रान्सचा मिशेल जाझी त्याच्यामागे जवळजवळ तीन सेकंदांनी आला. याला चकवा म्हणावं की नाही, असा प्रश्न पडतो. पोर्टसीच्या वाळूच्या टेकड्यांवर चढउतार करून कमावलेला दम होता तो. समोरच्याला डाव कळूनही उपाय सापडला नाही, एवढंच.

आणि मग मेक्सिको, १९६८. ही शर्यत सावकाश सांगण्यासारखी आहे. अमेरिकेचा जिम राइयन तीन वर्षं या पल्ल्यात हरला नव्हता. विश्वविक्रम त्याचा, ३:३३.१. त्याची शेवटची फेरी म्हणजे भल्याभल्यांना धडकी. पण मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंच. विरळ हवेत शर्यत संथ होईल, ३:३९ च्या आसपासची वेळ जिंकायला पुरेल, असा राइयनचा हिशेब होता. केनियाच्या किप्चोगे केइनोला पित्ताशयाचं दुखणं होतं. त्याच स्पर्धेत दहा हजार मीटर धावताना तो कोसळला होता. शिवाय अंतिम शर्यतीच्या दिवशी बस रहदारीत अडकली, तेव्हा गडी उतरून स्टेडियमपर्यंत धावत आला.

बंदुकीचा बार झाला आणि केनियाचाच बेन जिपचो पुढे झेपावला. पहिली फेरी त्याने ५६ सेकंदांत काढली. त्या उंचीवर हा वेडेपणा होता, आणि जिपचोला तो ठाऊक होता. त्याचं काम तेवढंच होतं. तो मागे पडला तसा केइनोने वेग हाती घेतला आणि सोडलाच नाही. राइयन आपल्या हिशेबाने धावत राहिला. त्याची मुसंडी आली तेव्हा गाठायचं अंतर आवाक्याबाहेर गेलेलं होतं. केइनो ३:३४.९, राइयन ३:३७.८. म्हणजे राइयन स्वतःच्या अंदाजापेक्षा चांगलाच वेगात धावला आणि तरीही सुमारे वीस मीटरने हरला! हा ऑलिंपिक विक्रम १९८४ पर्यंत टिकला. त्या दिवशी स्वतःच्या शर्यतीवर पाणी सोडणाऱ्या जिपचोने पुढे राइयनची माफी मागितल्याचं सांगतात. माफीची गरज होती असं मला वाटत नाही.

विक्रमाच्या शर्यतींत जिपचोचं काम पैसे देऊन करवून घेतात. पेसमेकर ठरलेल्या वेगाने दोन-तीन फेऱ्या ओढतो आणि बाजूला होतो. १९५४ मध्ये रॉजर बॅनिस्टरने चार मिनिटांच्या आत मैल धावून दाखवला तोही ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे यांच्या आडोशाने. अजिंक्यपदाच्या शर्यतीत हे भाडोत्री सहकारी नसतात. मग होतं काय, तर पंगतीत पहिला घास कोण घेणार म्हणून सगळे ताटावर बसून राहावेत तसे बारा-तेरा जगज्जेते एकमेकांकडे बघत धावत राहतात. बार्सिलोनात १९९२ मध्ये पहिल्या आठशे मीटरला २ मिनिटं ६ सेकंदांहून जास्त वेळ लागला. शेवटी जोसेफ चेसिरे आतल्या कडेपासून जरासा बाहेर सरकला, त्या फटीतून स्पेनचा फर्मिन काचो आत शिरला आणि घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकला, ३:४०.१२ वेळेत. रिओला २०१६ मध्ये तर कहर झाला. मॅथ्यू सेंट्रोविट्झने आघाडी घेऊन मुद्दाम शर्यत झोपवली, शेवटची फेरी एक्कावन्न सेकंदांच्या आत धावला आणि ३:५०.०० ला सुवर्णपदक घेऊन गेला. कोळशाच्या राखेच्या ट्रॅकवर लव्हलॉकने ऐंशी वर्षांपूर्वी दिलेली वेळ यापेक्षा दोन सेकंदांनी सरस! काही आठवड्यांनी त्याच शहरात पॅरालिंपिकच्या दृष्टिदोष गटातले पहिले चौघे सेंट्रोविट्झपेक्षा कमी वेळात धावले. लोकांनी त्यावरून खूप थट्टा केली. मला ती तितकीशी पटली नाही. सेंट्रोविट्झला वेळेचं पदक नको होतं.

भारताचं नाव या कुळात आठशे मीटरमुळे येतं. माँट्रियलला १९७६ मध्ये श्रीराम सिंग यांनी अंतिम शर्यतीची पहिली फेरी एक्कावन्न सेकंदांच्या आत ओढली. त्या वेगाचा फायदा झाला क्युबाच्या अल्बेर्तो ह्वान्तोरेनाला, विश्वविक्रमासह सुवर्ण. श्रीराम सिंग सातवे आले, पण त्यांची १:४५.७७ ही वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून २०१८ पर्यंत कुणाला मोडता आली नाही.

आणि आपला बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. जुलै २०२२ मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत इतकी संथ झाली की विजेत्या सुफियान एल बक्कालीलाही ८:२५.१३ लागले. साबळेचा राष्ट्रीय विक्रम तेव्हा ८:१२.४८ होता, आणि तो अकरावा आला. जो सलग वेगाने दमवू शकतो त्याला शेवटच्या फेरीच्या झटापटीत खेचलं की असंच होतं. तीन आठवड्यांनी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत शर्यत वेगवान झाली, साबळे ८:११.२० धावला आणि सुवर्ण ०.०५ सेकंदांनी हुकलं. पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने वाटच पाहिली नाही. स्वतः पुढे राहून सुवर्ण घेतलं.

सध्याचा सगळा झगडा नॉर्वेच्या याकोब इंगब्रिग्टसनभोवती आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ३:२८.३२ ला जिंकलेला हा गडी पुढे जातो, वेग चढवत नेतो आणि मागच्यांच्या मुसंडीतली हवा आधीच काढून घेतो. यावर उतारा काढला तो एडिंबराच्या एकाच क्लबातून वर आलेल्या दोघांनी. जेक वाइटमनने २०२२ मध्ये आणि जॉश करने २०२३ मध्ये, दोघांनीही त्याच्या आडोशाने येऊन साधारण दोनशे मीटर उरले असताना त्याला मागे टाकलं. युजीनला स्टेडियमच्या माइकवर वाइटमनचे वडील होते. मुलगा विश्वविजेता झाल्याचं त्यांनीच जाहीर केलं.

पॅरिसमध्ये २०२४ साली इंगब्रिग्टसनने पहिली फेरी पंचावन्न सेकंदांच्या आत काढली. करला मुळी जवळ येऊ द्यायचं नाही, हा बेत. शेवटच्या पट्ट्यात कर बाहेरून आला, त्याला अडवायला इंगब्रिग्टसन कडेपासून किंचित बाहेर सरकला आणि आतल्या फटीतून अमेरिकेचा कोल हॉकर घुसला. त्याच शर्यतीत आधी एकदा त्याने तिथेच प्रयत्न केला होता, तेव्हा वाट बंद झाली होती. या वेळी ३:२७.६५, ऑलिंपिक विक्रम. हॉकरची त्याआधीची सर्वोत्तम वेळ ३:३०.५९ होती. इंगब्रिग्टसन चौथा. चार दिवसांनी पाच हजार मीटरला तो घोळक्यात मागे राहिला, वेग ओढायचं काम इतरांना करू दिलं, शेवटच्या फेरीत निघाला आणि सुवर्णपदक घेऊन घरी गेला.