वस्तरा की ब्लेड? दाढी करताना संसर्ग कसा टाळावा

पुण्यातील मार्केट यार्डात कामाचा दिवस पहाटेच सुरू होतो. गाड्या खाली झाल्या, लिलाव आटोपले की हमाल, टेम्पोचालक, अडते आणि गावाकडून माल घेऊन आलेले शेतकरी थोडे मोकळे होतात. त्यातले काही जण जवळच्या सलूनमध्ये दाढीला बसतात. तुम्हीही त्यांच्यापैकी असाल, किंवा तुमचे वडील, भाऊ, मुलगा असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

बाह्यरुग्ण विभागात आम्हाला नेहमी विचारले जाते, "डॉक्टर, जुना वस्तरा चांगला की ब्लेडचा?" याचे उत्तर दाढी किती गुळगुळीत होते यावर ठरत नाही. तुमच्या त्वचेला लागणारी धार त्याआधी दुसऱ्या कोणाच्या त्वचेला लागली होती का, यावर ते ठरते.

दोन वस्तऱ्यांतला फरक

पारंपरिक वस्तऱ्याचे पाते आणि मूठ एकमेकांना कायमची जोडलेली असतात. धार गेली की ते दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर घासून पुन्हा लावतात. तेच पाते वर्षानुवर्षे चालते.

ब्लेडच्या वस्तऱ्याचा आकार तसाच असतो, पण त्यात बाजारात मिळणारे दुधारी ब्लेड अर्धे मोडून बसवतात. काम झाले की तो तुकडा फेकून द्यायचा असतो. अमेरिकेत जिलेट यांनी 1904 मध्ये पेटंट घेतलेला सेफ्टी रेझर आणि आजचे दोन-तीन पात्यांचे रेझर हेही याच गटातले. वापरलेली धार टाकून देता येणे हा या सगळ्यांचा मुख्य फायदा.

धोका नेमका कशाचा?

दाढी करताना त्वचेवर बारीक ओरखडे उठतात. रक्त दिसले नाही, तरी ते असतात. पात्यावर आधीच्या माणसाच्या रक्ताचा अंश राहिला असेल, तर या ओरखड्यांतून विषाणू शरीरात जाऊ शकतात.

* हिपॅटायटिस बी: हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस टिकतो. त्यामुळे पाते कोरडे आणि चकचकीत दिसले, म्हणजे ते सुरक्षित आहे असे नाही.
* हिपॅटायटिस सी: हाही रक्तातून पसरतो. लागण झालेल्या बहुतेकांना सुरुवातीला काहीच त्रास होत नाही आणि पुष्कळांमध्ये आजार वर्षानुवर्षे यकृतात मुरत राहतो.
* एचआयव्ही: हा शरीराबाहेर फार नाजूक असतो. दाढीतून तो होण्याची शक्यता अत्यंत कमी आहे. रुग्णांना भीती याचीच जास्त वाटते. प्रत्यक्षात जपायला हवे ते काविळीच्या वरच्या दोन विषाणूंपासून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात सुमारे 2.98 कोटी लोकांना हिपॅटायटिस बी आणि 55 लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. यातल्या अनेकांना आपल्या आजाराची कल्पनाही नसते. म्हणून "माणूस ओळखीचा आहे, तब्येतीने धडधाकट आहे" हा निकष उपयोगाचा नाही.

विषाणूंखेरीज त्वचेचे त्रासही पात्यातून, ब्रशमधून आणि टॉवेलमधून पसरतात. केसतोड, दाढीतला नायटा आणि चेहऱ्यावरच्या चपट्या चामखिळी हे त्यातले नेहमीचे. चामखिळींवरून पाते फिरले, तर त्या रांगेने वाढत जातात.

मग पारंपरिक वस्तरा वाईट का?

नाही. घरी एकच माणूस स्वतःचा वस्तरा वापरत असेल, तर संसर्गाच्या दृष्टीने तो चांगलाच आहे. हात सराईत हवा आणि वापरानंतर पाते धुऊन कोरडे ठेवायला हवे.

अडचण येते ती एकच पाते अनेकांना वापरताना. त्वचेला छेद देणारे हत्यार रुग्णालयात वाफेच्या दाबाखाली साधारण 121 अंश तापमानात निर्जंतुक केले जाते. सलूनमध्ये दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये ते शक्य नसते. अँटिसेप्टिकच्या पाण्यात क्षणभर बुडवणे, फडक्याने पुसणे, तुरटीवर घासणे किंवा निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवणे यांवर विसंबता येत नाही. पट्ट्यावर घासल्याने धार येते, जंतू जात नाहीत. उलट तोच पट्टा पुढच्या पात्यालाही लागतो.

ब्लेडचा वस्तराही आपोआप सुरक्षित होत नाही. ब्लेड बदललेच नाही, तर दोन्हींत काही फरक उरत नाही. ब्लेड ज्या खाचेत बसते तिथे साबण आणि रक्त साचते, म्हणून ती खाचही प्रत्येक वेळी साफ व्हायला हवी.

सलूनमध्ये काय पाहावे?

1. ब्लेड तुमच्यासमोर कागदातून काढून बसवलेले असावे. अर्धे ब्लेड दुसऱ्याला वापरले असेल, तरी उरलेला अर्धा भाग कागदातच असल्यास चालतो.
2. आधी बसवलेले ब्लेड "नवीनच आहे" असे सांगितले, तरी बदलायला सांगा. हवे तर स्वतःचे ब्लेड खिशात न्या. त्याची किंमत अगदी किरकोळ असते.
3. कानामागची आणि मानेवरची रेघ मारतानाही हाच नियम पाळा. केस कापून झाल्यावर तिथे जुने ब्लेड वापरले जाते आणि आपले लक्ष नसते.
4. तुरटीचा सामाईक खडा नको म्हणा. तो ताज्या जखमेवरून फिरतो आणि नंतर दुसऱ्याच्या जखमेवरही. स्वतःचा खडा ठेवला तर हरकत नाही.
5. टॉवेल धुतलेला किंवा एकदा वापरून टाकायचा असावा.

सांगायला संकोच वाटतो, हे आम्हाला माहीत आहे. "दादा, डॉक्टरांनी नवीन ब्लेड सांगितलंय," एवढे म्हटले तरी पुरते. रोज अनेकांच्या रक्ताशी संबंध येत असल्याने कारागिराला स्वतःलाही हा धोका असतोच. त्यांनी हिपॅटायटिस बीची लस जरूर घ्यावी.

जावळ आणि मुंडण

बाळाचे जावळ काढताना आणि दशक्रियेच्या दिवशी घाटावर मुंडण करताना घाई असते. एकाच घरातले चार-पाच पुरुष ओळीने बसतात आणि ब्लेड तेच राहते. घरातल्या एकाला आजार असेल, तर तो इतरांना लागू शकतो. बाळाला हिपॅटायटिस बी झाला, तर तो आयुष्यभर राहण्याची शक्यता मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असते. अशा वेळी माणशी एक या हिशेबाने ब्लेड घरूनच न्या. घरातही बाप-लेकांनी एकच रेझर वापरू नये.

कोणी जास्त जपावे?

* रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे: कापल्यास रक्त लवकर थांबत नाही. विजेवर चालणारे मशीन उत्तम.
* मधुमेही: केसतोड वारंवार होतात, जखमा चिघळतात. साखर आटोक्यात ठेवा आणि मशीन किंवा नवे ब्लेड वापरा.
* कुरळ्या, राठ दाढीचे: अनेक पात्यांच्या रेझरने केस त्वचेच्या खाली कापला जातो आणि आत वळतो, त्यामुळे पुटकुळ्या येतात. एकाच पात्याने केसाच्या दिशेने दाढी करा किंवा ट्रिमरने बारीक खुंट ठेवा.
* जखमेचा व्रण जाड वाढणारे: धारदार पाते टाळणेच बरे.

घरी दाढी करताना आधी कोमट पाण्याने केस मऊ करा, फेस लावा आणि दाब न देता पाते फिरवा. पाच ते सात दाढ्यांनंतर ब्लेड बदला. जुनी ब्लेड झाकणाच्या डबीत साठवा आणि वर तसे लिहून कचऱ्यात द्या. कचरावेचक हातानेच कचरा वेगळा करतात, हे लक्षात असू द्या.

कापले तर?

वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. स्वच्छ कापसाने पाच मिनिटे सलग दाबून धरा. जखम पिळू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे उलटली असतील, तर डॉक्टरांना विचारा.

दुसऱ्याला वापरलेल्या ब्लेडने कापल्याची शंका असेल आणि हिपॅटायटिस बीची लस झालेली नसेल, तर शक्यतो 24 तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. तेव्हा सुरू केलेली लस आजार टाळू शकते. आधीच्या माणसाला एचआयव्ही असल्याचे माहीत असेल, तर 72 तासांच्या आत सल्ला घ्या. उशीर झाला असला तरी या. रक्ताच्या चाचण्या करता येतात.

लस आणि तपासणी

हिपॅटायटिस बीच्या लसीचे मोठ्यांसाठी साधारण तीन डोस असतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. मुलांना ती सरकारी लसीकरणात मोफत मिळते. हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण गोळ्यांनी बहुतेक रुग्ण साधारण तीन महिन्यांत पूर्ण बरे होतात. 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्ही आजारांची तपासणी आणि उपचार ठरावीक सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत.

डॉक्टरांना लगेच कधी दाखवावे?

डोळे किंवा लघवी पिवळी होणे, भूक मरणे आणि सतत मळमळ होणे, दाढीच्या जागी सूज, पू किंवा ताप येणे, गोल खाजरा चट्टा पसरत जाणे, पंधरा मिनिटे दाबूनही रक्त न थांबणे. यातले काहीही झाले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

एवढे लक्षात ठेवा: वस्तरा कोणताही असो, धार एका माणसाची एकट्याचीच असावी. पुढच्या वेळी खुर्चीवर बसलात की मान मागे टेकवण्याआधी ब्लेड बदलताना पाहून घ्या.