संगणक जाळ्याची देखभाल व दोषनिवारण

घरात किंवा लहान कार्यालयात काही संगणक, मुद्रक, राउटर व तत्सम साधने एकमेकांस जोडून जे जाळे तयार होते ते सुरळीत चालू ठेवणे, त्यात उद्‌भवणाऱ्या बिघाडाचे स्थान व कारण शोधून तो दूर करणे आणि बिघाड टाळण्यासाठी आगाऊ काळजी घेणे, या कामांस संगणक जाळ्याची देखभाल व दोषनिवारण असे म्हणतात. दोष यंत्रसामग्रीत, आज्ञावलीत (सॉफ्टवेअरमध्ये), जोडणीत किंवा वापरणाऱ्याच्या कृतीत असू शकतो. प्रारंभी हे काम केवळ तज्ञांकडे होते; गेल्या चार-पाच दशकांत ते सामान्य माणसाच्या हाती आले. या स्थित्यंतराच्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते : बरीच मोठी हानी उपाय उपलब्ध असूनही तो वेळीच न योजल्यामुळे झाली आहे.

आरंभीचा काळ : अमेरिकेत १९४६ मध्ये प्रकट करण्यात आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या. त्यांपैकी एखादी निकामी झाली तरी गणित चुके. यंत्र चालू-बंद करताना नलिका तापून व निवून अधिक प्रमाणात बिघडतात, असे ध्यानात आल्यावर ते शक्यतो सतत चालू ठेवण्यात येऊ लागले. प्रतिबंधक देखभालीचे हे एक जुने उदाहरण होय. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्व्हर्ड मार्क-२ या यंत्राच्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला व तो नोंदवहीत चिकटविण्यात आला. दोषास ‘बग’ (कीटक) म्हणण्याचा प्रघात मात्र त्यापूर्वीचा आहे. टॉमस एडिसन यांच्या १८७८ मधील पत्रात तो आढळतो. केंब्रिज येथील एडसॅक संगणक १९४९ मध्ये सुरू झाल्यावर मॉरिस विल्क्स यांना असे जाणवले की, आपल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच आज्ञावलीतील चुका शोधण्यात जाणार आहे. यंत्र निर्दोष असूनही आज्ञावली सदोष असू शकते, हा धडा तेव्हापासून दोषनिवारणाचा पाया ठरला. छिद्रित कागदी पट्टीवरील चुकीच्या छिद्रांवर कागदाचा तुकडा चिकटवीत. आज्ञावलीतील दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणजे ठिगळ हे नाव या रीतीवरून मिळाले.

देखभालीचा व्यवसाय : मोठे संगणक बहुधा भाड्याने दिले जात आणि त्यांची निगा उत्पादक संस्थेचे अभियंते राखीत. या व्यवस्थेतील परावलंबन भारतात ठळकपणे दिसून आले. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय आवरता घेतला, तेव्हा देशभर बसविलेल्या तिच्या यंत्रांच्या देखभालीचा प्रश्न उभा राहिला. भारत सरकारने १९७५ मध्ये स्थापन केलेल्या काँप्यूटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या संस्थेने ही जबाबदारी उचलली. यंत्र बनविणारा निघून गेला तरी ते चालू ठेवण्याचे ज्ञान देशात असले पाहिजे, हा विचार या संस्थेच्या नावातच व्यक्त झाला होता.

घरगुती संगणक व जाळे : आयबीएमचा वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. चालू होताच तो स्वतःच्या घटकांची तपासणी करी व सर्व ठीक असल्यास एक लहान ध्वनी काढी. पुसलेली फाइल परत मिळवून देणारा ‘नॉर्टन युटिलिटीज’ हा संच १९८२ मध्ये उपलब्ध झाला. लाहोर येथील दोन भावांनी १९८६ मध्ये तयार केलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपी तबकड्यांबरोबर देशोदेशी पसरला आणि स्वच्छता हाही देखभालीचा भाग बनला.

संगणक एकमेकांस जोडण्याची ईथरनेट पद्धती १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पॅलो अल्टो येथील संशोधन केंद्रात उगम पावली. लहान कार्यालयांत १९८० नंतरच्या दशकात तिचा बारीक समाक्ष केबलचा प्रकार रूढ झाला. त्यात एकाच केबलवर सर्व संगणक ओळीने जोडीत आणि तिच्या दोन्ही टोकांस ५० ओहम रोधाची टोपणे बसवीत. एक टोपण निखळले किंवा मध्ये एक जोड ढिला झाला की, सर्व जाळे बंद पडे. अशा वेळी केबल मधोमध तोडून कोणता अर्धा भाग चालतो ते पाहत व सदोष भागाचे पुन्हा दोन भाग करीत. पिळलेल्या तारांच्या जोड्या व मध्यवर्ती हब यांचे मानक १९९० मध्ये निश्चित झाले. त्यानंतर एका तारेचा दोष सामान्यतः एकाच संगणकापुरता मर्यादित राहू लागला.

दोषशोधनाची साधने : अमेरिकन सैन्याच्या प्रक्षेपास्त्रविषयक प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ ही छोटी आज्ञावली लिहिली. ती दूरच्या संगणकाकडे संदेश पाठवून त्याचा प्रतिध्वनी येतो की नाही ते पाहते. व्हॅन जेकबसन यांच्या ‘ट्रेसरूट’ या आज्ञावलीने संदेश वाटेत कोठपर्यंत पोहोचतो हे कळू लागले. संगणकांची नावे व अंकीय पत्ते यांची सांगड घालणारी डीएनएस पद्धती १९८३ मध्ये, तर साधनांना पत्ते आपोआप वाटणारी डीएचसीपी पद्धती १९९३ मध्ये पुढे आली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे घराघरांत राउटर आले व एकाच बाह्य पत्त्यामागे अनेक साधने चालू लागली.

या सर्व साधनांमागील तत्त्व जुन्या केबलच्या परीक्षेचेच आहे. प्रथम वीज व जोडणी पाहावी. मग संगणकास पत्ता मिळाला आहे का ते तपासावे. विंडोज प्रणालीत १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, असे बहुधा समजावे. त्यानंतर राउटर, मग बाहेरील अंकीय पत्ता व शेवटी नाव यांची परीक्षा घ्यावी. अंकीय पत्ता उत्तर देतो पण नावाने संपर्क होत नाही, अशा वेळी दोष बहुधा डीएनएसमध्ये असतो. एका वेळी एकच बदल करणे व त्याची नोंद ठेवणे हा या पद्धतीचा मुख्य नियम होय.

विलंबाचे परिणाम : २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या ‘मॉरिस वर्म’ने हजारो संगणक ठप्प केले. त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक आपत्तीविषयक पहिले समन्वय केंद्र स्थापन झाले. भारतात असे केंद्र २००४ पासून कार्यरत आहे. ऑगस्ट २००३ मधील ‘ब्लास्टर’ ज्या दोषातून शिरला, त्यावरील दुरुस्ती १६ जुलैलाच प्रसृत झालेली होती. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे काम विस्कळीत केले, त्यावरील दुरुस्ती १४ मार्चपासून उपलब्ध होती. २०१६ मध्ये ‘मिराई’ने कारखान्यातून आलेले संकेतशब्द न बदललेले घरगुती राउटर व कॅमेरे ताब्यात घेऊन इतरांवर हल्ले चढविले. घरातील दुर्लक्ष घरापुरते राहत नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले.

स्वयंचलित दुरुस्ती व तिच्या मर्यादा : मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या ठरावीक दिवशी दुरुस्त्या देण्यास प्रारंभ केला. पुढे त्या आपोआप बसविल्या जाऊ लागल्या व सामान्य वापरणाऱ्याचा भार हलका झाला. तथापि विश्वासाचा प्रश्न उरला. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ ही विध्वंसक आज्ञावली युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातूनच पसरली. मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे कोलमडल्याने न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही खोळंबले. वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटलेल्या घानातील एका यंत्रावर महत्त्वाच्या माहितीची प्रत सुरक्षित राहिली होती. तिच्या आधारे जाळे पुन्हा उभे करता आले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. सदोष फाइल दीड तासाच्या आत मागे घेण्यात आली. परंतु बंद पडलेल्यांपैकी असंख्य यंत्रांवर ती फाइल माणसाला स्वतः जाऊन काढावी लागली.

यामुळे दुरुस्त्या वेळेवर बसविणे आणि महत्त्वाच्या माहितीची एक प्रत जाळ्यापासून वेगळी ठेवून ती परत वाचता येते का हे अधूनमधून पाहणे, ही दोन्ही कामे लहानात लहान जाळ्यासही आवश्यक ठरतात. पहिल्याने ज्ञात दोषांपासून संरक्षण मिळते. दुसऱ्याने अज्ञात दोषांतून सावरता येते.