ऑइल पॅनचं गॅस्केट घरी कसं बदलायचं?

इंजिनच्या तळाशी बोल्टने बसवलेलं ऑइलचं भांडं म्हणजे ऑइल पॅन. गॅरेजमध्ये याला ‘चेंबर’ म्हणतात. पॅन आणि इंजिन ब्लॉकच्या मधलं पॅकिंग म्हणजे गॅस्केट. ते कडक झालं की ऑइल झिरपतं. ऑइल फारच कमी झालं तर इंजिन जाम होऊ शकतं.

आधी गळती नक्की कुठून होतेय ते बघा. टॅपेट कव्हर किंवा फिल्टरमधलं ऑइलही ओघळून पॅनवरच येतं. काही गाड्यांत पॅन काढायला इंजिन उचलावं लागतं. ते काम गॅरेजलाच द्या.

१. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका. सपाट जागेवर जॅक स्टँड लावा.
२. इंजिन कोमट असताना ऑइल काढा, मग पॅनचे बोल्ट.
३. जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. दोन्ही बाजू स्वच्छ, कोरड्या हव्यात.
४. नवं गॅस्केट बसवा. काही गाड्यांत त्याऐवजी सिलिकॉन सीलंट असतं. ट्यूबवर दिलेला वेळ ते सुकू द्या.
५. बोल्ट आधी हाताने लावा. मग मधून बाहेर, आलटून पालटून, टॉर्क रेंचने आवळा. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. अचूक आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

जास्त आवळलं तर गळती थांबत नाही, उलट गॅस्केट चिरडतं आणि पत्र्याचा पॅन वाकतो.

शेवटी ऑइल भरा, इंजिन थोडा वेळ चालवा, खालून तपासा. बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक बघा. जुनं ऑइल गटारात ओतू नका, रिसायकलिंगला द्या.