आजेसासूबाईंची रुपयांची माळ



मागच्या बैठकीत आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी रुमालाची गाठ सोडली आणि बारा रुपयांची माळ सतरंजीवर ठेवली. माळ आजेसासूबाईंची. मुलीची फी भरायला ती मोडायची होती. सराफ म्हणाला होता, "रुपयाला एक तोळा, म्हणजे दहा ग्रॅम धरू." आम्ही म्हटलं, मोडायच्या आधी एकेक रुपया नीट बघू तरी.

१८३५ साली कंपनी सरकारनं आपल्या साऱ्या मुलखात एकाच वजनाचा रुपया सुरू केला. वजन ११.६६ ग्रॅम. हाच जुना तोळा! सोनार रुपया पारड्यात टाकून दागिना तोलायचे. आजचा तोळा मात्र दहा ग्रॅमचा. म्हणजे बारा रुपयांमागं जवळजवळ वीस ग्रॅम वजन हिशेबातून गळत होतं. आम्ही काटा आणला आणि प्रत्येक नाणं मोजलं.

मग छाप पाहिली. नऊ रुपये राणीछाप. नावापुढं 'क्वीन' असेल तर तो १८७६ पर्यंतचा, 'एम्प्रेस' असेल तर १८७७ पासूनचा. पण १८६२ साल दिसलं म्हणून तो त्याच वर्षी पाडला असं समजू नका. १८७४ पर्यंत तेच साल टाकत होते. दोन रुपयांवर बिनमुकुटाचा एडवर्ड राजा होता. या अकराही रुपयांत शंभरात जवळपास ९२ भाग चांदी.

बारावा १९४४ चा, सहाव्या जॉर्जचा. वजन तेवढंच, पण महायुद्धात, १९४० पासून, सरकारनं चांदी निम्मी केली होती. १९४७ च्या रुपयात तर चांदीच नाही, तो निकेलचा. म्हणून भाव करताना बारावा वेगळा आणि अकरा वेगळे. एकाच्या भावानं सगळी माळ देऊ नये.

नाणी जमवणारे चांदीपेक्षा जास्त देतात, पण प्रत बघून. केस, गाल, मुकुट हे उंच भाग आधी झिजतात. केसांची रेघ न् रेघ दिसली तर प्रत चांगली. नुसता चेहऱ्याचा आकार उरला तर हलकी. डागलेली कडी असेल तर किंमत उतरते. आणि चिंच, राख, पावडर लावून घासू नका. काळपटपणा राहू द्या. घासलेलं नाणं जमवणारा लगेच ओळखतो.

आमच्या माळेतल्या प्रत्येक रुपयाला कडी होती, म्हणून जमवणाऱ्याकडून फार मिळणार नव्हतं. पण एक गोष्ट कळली. सर्वांत जुना रुपया १८६२ चा, शेवटचा १९४४ चा. एका बाईच्या हातानं ही माळ झाली नसावी. सासूनं सुनेला दिली, सुनेनं त्यात भर घातली. बँक नव्हती, गट नव्हता, तेव्हा बाईची शिल्लक गळ्यात असायची.

फीसाठी ताईंनी गटातून कर्ज घेतलं. प्रत्येक रुपयाचं साल आणि वजन आम्ही वहीत लिहून दिलं. कधी मोडायची वेळ आलीच, तर ती वही घेऊनच त्या सराफाकडे जातील.

तुमच्या डब्यात असा रुपया असेल, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. काटा आम्ही आणतो.