जुलाब-उलट्या आणि दूरचा दवाखाना: पहिल्या काही तासांत घरी काय करावे?

पावसाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की ग्रामीण भागातल्या दवाखान्यांत जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढू लागतात. विहिरीला नवे पाणी येते आणि त्याबरोबर उकिरड्याची, गोठ्याची, उघड्यावरच्या शौचाची घाणही वाहून येते. बहुतेक रुग्ण चार-पाच दिवसांत बरे होतात. ज्यांच्या जिवावर बेतते, त्यांच्या अंगातले पाणी आणि क्षार भरून काढायला उशीर झालेला असतो. कॉलऱ्याच्या तीव्र आजारात मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. आरोग्य केंद्र पंधरा किलोमीटरवर, ओढ्याला पूर आणि रात्री गाडी नाही, अशा घरात पहिला उपचार करणारे तुम्हीच असता. हे काम तुम्हाला जमण्यासारखे आहे.

ओआरएस: कधी, किती, कसे

1971 च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला दिले. पाजणारे बरेचसे रुग्णांचेच नातेवाईक होते. सुमारे 30 टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आले. आज आशाताईंकडे मोफत मिळणारी ओआरएसची पुडी त्याच उपचाराचे सुधारलेले रूप आहे.

पहिला पातळ जुलाब झाला की ओआरएस सुरू करा. "बघू दोन-तीन वेळा अजून होतंय का" म्हणून थांबू नका. मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामी करायची. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकली की मीठ-साखरेचे प्रमाण बिघडते. लहान पुडी 200 मिलिलिटरची असते, म्हणून पुडीवरचा आकडा वाचा. बनवलेले पाणी 24 तासांत वापरा, उरले तर फेकून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला 100 ते 200 मिलिलिटर आणि मोठ्या माणसाला हवे तेवढे द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमचा-चमचा, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने पाजा. कंटाळवाणे काम आहे. आजीच्या किंवा मोठ्या बहिणीच्या मांडीवर मूल दिले की ते सहसा पार पडते.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. पेज किंवा मीठ घातलेले ताकही चालते. कोल्ड्रिंक, डब्यातले ज्यूस आणि नुसती साखर घातलेला चहा नको, जास्त साखरेने जुलाब वाढतात. मेडिकलमध्ये ओआरएससारख्या दिसणाऱ्या खोक्यांतून गोड पेयेही विकली जात होती. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही पुडी घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, हे पाहून घ्या.

बाळाला अंगावर पाजणे बंद करू नका. जेवणही बंद नको. मऊ भात, वरण, केळे चालेल. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना झिंकची गोळी चौदा दिवस द्यायची असते: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10 मिलिग्रॅम, त्यापुढे 20 मिलिग्रॅम. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा, पुढच्या काही महिन्यांतले जुलाबही त्याने कमी होतात. लहान मुलांना जुलाब 'बांधणाऱ्या' गोळ्या मात्र कधीही देऊ नका. अँटिबायोटिकची गरजही बहुतेकांना नसते.

"डॉक्टर, एक सलाईन लावाच" हा आग्रह मी रोज ऐकतो. सलाईनच्या एका बाटलीत साधारण अर्धा लिटर पाणी असते. जो माणूस पिऊ शकतो, तो तेवढे घरी बसून पिऊ शकतो, आणि तेही आत्ता. सलाईन लागते ती पिऊच न शकणाऱ्याला.

केव्हा निघायचेच

सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडले किंवा पीत नाही, पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडली तर हळूहळू पूर्ववत होते, शौचात रक्त आहे, किंवा तांदळाच्या धुवणासारखे पाण्यासारखे जुलाब सतत होत आहेत, तर घरी थांबू नका. 108 ला फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत आहे. गाडी येईपर्यंत आणि वाटेतही, रुग्ण शुद्धीवर असेल व पिऊ शकत असेल तर ओआरएस पाजत राहा. मूल सहा महिन्यांखालचे असेल, रुग्ण वयस्कर असेल, किंवा हृदयाचा वा किडनीचा आजार असेल, तर ही लक्षणे दिसण्याआधीच आरोग्य केंद्राशी बोला. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या दिवशी घ्यायच्या की नाही, हेही त्याच फोनवर विचारा.

पावसाळ्याआधी करायची एक साधी तयारी: आशाताई, उपकेंद्राच्या एएनएम आणि गावातल्या गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा आणि घरात ओआरएसच्या चार पुड्या ठेवा. वाडी-पाड्यावर रेंज नसेल तर ती कुठे मिळते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे.

पाणी: घरातले आणि गावातले

फडक्याने गाळले की गाळ जातो, तुरटी फिरवली की गढूळपणा खाली बसतो. जंतू दोन्हींनी मरत नाहीत. पाणी खळखळून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट तसेच उकळू द्या आणि झाकून गार करा. रोज उकळायला सरपण किंवा गॅस परवडत नसेल, तर आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरिनचे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. मग त्याच पाण्यात हात बुडवून पेला भरू नका. लांब दांड्याचे ओगराळे वापरा. लग्नकार्यातले जारचे पाणी गार असते, म्हणून ते शुद्ध समजू नये.

माझ्या मते गावाला सर्वांत मोठा धोका असतो तो नेहमीचे पाणी बंद पडते त्या दिवशी. मोटर जळते, पाइप फुटतो, वीज जाते आणि लोक जुन्या उघड्या विहिरीकडे वळतात. जुलै 2022 मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत असेच घडले. बिल थकल्याने पाणीपुरवठ्याची वीज तोडली गेली होती, लोकांनी उघड्या विहिरीचे पाणी प्यायले, अतिसाराची साथ आली आणि काही जण दगावले. तेव्हा पाण्याचा स्रोत बदलला की त्या दिवसापासून उकळणे सुरू करा, कोणी आजारी पडण्याची वाट पाहू नका.

सार्वजनिक विहिरीत आणि टाकीत टीसीएल पावडर टाकणे ही ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. साधारण प्रमाण 1000 लिटरला 5 ग्रॅम. पोते उघडे राहिले की पावडरचा जोर जातो, म्हणून "टाकली" एवढ्यावर समाधान मानू नका. ओटी टेस्टमध्ये शेवटच्या घराच्या नळाचे पाणी पिवळे होते का, हे जलसुरक्षकाला विचारा. पाणीस्रोतांच्या पाहणीनंतर ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कोणते, हे ग्रामसभेत विचारता येते. एकाच आळीत दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी आशाताईंना कळवा, म्हणजे पाण्याचे नमुने वेळेत तपासले जातील.

कावीळ असेल तर

दूषित पाण्यातून येणारी कावीळ उशिरा दिसते. आज डोळे पिवळे दिसले तर ते दूषित पाणी काही आठवड्यांपूर्वी पोटात गेलेले असते. गळ्यात माळ घालून किंवा नाकात थेंब टाकून कावीळ 'उतरत' नाही. ती बहुतेकांत आपोआप बरी होते, आणि श्रेय माळेला मिळते. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र थांबून पाहण्याला जागा नाही. हिपॅटायटिस ई हा प्रकार शेवटच्या तिमाहीत आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, मळमळ आणि थकवा वाढला, तर तिला त्याच दिवशी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात न्या.